तिसरा पहारा

कोपरखैरणेत, बैठ्या घरांच्या गल्लीत,
दर रविवारी दुपारी तीनला
मी पाच माणसांना जंगलात नेते.
लग्नपत्रिकांचे पुठ्ठे चिकटवून केलेला आडोसा,
त्यामागे माझे फासे, माझे नकाशे,
आणि उताराच्या पाण्याखाली
श्वास धरून बसलेले सात गिऱ्हे.

नियम सोपा आहे. म्हणजे लिहायला सोपा.
जो दबा धरतो त्याचं लपणं,
जो चालतो त्याची चाहूल,
दोन आकडे शेजारी ठेवायचे.
चाहूल कमी पडली की माणूस गाफील,
आणि गाफिलाची पहिली खेळी जाते:
तलवार म्यानात, शब्द तोंडात,
समोरचा वार करून मोकळा.

सुरुवातीला मी कच्ची होते.
"पुढे कोण चाललंय?" एवढं विचारलं
की पाचही जण ताठ बसायचे.
फासे खुळखुळले की शमिकाची चेटकीण मशाल विझवायची.
शेजारच्या लतिकाकाकू, वय बासष्ट, पात्र चोराचं,
पदर खोचून म्हणायच्या, मी आधीच झाडावर आहे.
बिजूचं तर ठरलेलंच:
मी झाडांवर बघतो, झाडांखाली बघतो,
झाडांच्या आतसुद्धा बघतो.

मग मी शिकले.
काही नसताना विचारायचं, पुढे कोण?
उगाच फासे टाकायचे, "हं" म्हणायचं,
वहीत काहीतरी लिहायचं.
एकदा मी दुधाचा हिशेब लिहिला.
बाजारात, न्हाव्याकडे, देवळाच्या पायरीवर,
पुढे कोण, मागे कोण, हं.
हळूहळू त्यांचे कान त्या आवाजाला सरावले,
ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कंटेनरांना
आपली झोप सरावते तसे.
आता कुणी ताठ बसेना.
आता कुठे गिऱ्ह्यांचे दिवस आले.

त्या रविवारी सगळं जुळलं.
उताराकाठी मुक्काम, चंद्र ढगात,
पहिला पहारा अन्वरचा, दुसरा शमिकाचा,
तिसरा प्रीतेशचा. तो तिसराच घेतो,
म्हणतो, सवय आहे.
महापेला रात्रपाळी करतो तो,
थंडगार खोल्यांतल्या यंत्रांवर नजर ठेवतो,
एखादा हिरवा दिवा लाल होतो का ते बघत
सकाळ करतो.

"प्रीतेश, तुझी चाहूल किती?"

उत्तर नाही.
पात्राच्या कागदावर गाल टेकून
तो झोपला होता. खराखुरा.
हातात पेन्सिल तशीच.

यालाही नियम आहे, आणि तो अगदी स्पष्ट आहे.
पहारेकरी झोपला तर आकडे लावायचे नाहीत.
सगळे गाफील. सातांची पहिली खेळी.
सहा महिने मी या एका क्षणासाठी
दुधाचे हिशेब लिहिले होते.

लतिकाकाकूंनी त्याच्या कोपरापासून
चिवड्याची ताटली अलगद ओढली.
अन्वर उठला, पंखा एक घर वाढवला.
मी फासा टाकला. वीस आले.
वीसच्या वर काही येत नाही.

"हं," मी म्हटलं. "रात्र शांत गेली."

बिजू कधीच कशावर विश्वास ठेवत नाही.
तो या वेळी झाडांकडे वळला नाही,
माझ्याकडे बघत राहिला,
मग त्याने गुपचूप बाण भात्यात ठेवले.

सहाला प्रीतेश जागा झाला.
गालावर पेन्सिलीतले आकडे उलटे उमटलेले.
"माझा पहारा झाला?"
"झाला."
"काही आलं नाही ना?"
"काही नाही."
तोंडावर पाणी मारून, डबा घेऊन
तो महापेला गेला.

वहीत मी काही खोडलेलं नाही.
उतार आहे, ढगातला चंद्र आहे, वीसचा आकडा आहे,
पाण्याखाली सात जण आहेत.
इतका वेळ श्वास धरता येतो का,
तो नियम मी अजून उघडून बघितलेला नाही.